बी दहा ग्रॅमची आहे का?

प्रश्न : कुडाळजवळ आमची काजूची बाग आहे. कलमं देताना रोपवाटिकेवाल्याने सांगितलं होतं, ‘वेंगुर्ला-७ आहे, बी सरासरी दहा ग्रॅमची पडेल.’ यंदा गोणीतल्या ३६ सुक्या बिया एकेक करून तोलल्या. सरासरी ९.६ ग्रॅम भरली. प्रमाण विचलन (एकेक बी सरासरीपासून साधारण किती दूर जाते ते) मुलीने मोबाइलवर काढलं, १.२ ग्रॅम आलं. मेहुणे म्हणतात, एकेक बी साडेसातपासून बारापर्यंत जाते, तिथे ०.४ ग्रॅमचं काय घेऊन बसलात? त्यांचं बरोबर आहे का?
– एक बागायतदार

उत्तर : मेहुण्यांचा मान राखून सांगतो, नाही. एकेक बी वरखाली होणारच, पण दावा सरासरीचा आहे. ३६ बिया एकत्र धरल्या की जड बी हलकीला सांभाळून घेते आणि सरासरी फारशी हलत नाही. किती हलते? १.२ ला ३६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने भागा : ०.२ ग्रॅम. तुमची तूट याच्या दुप्पट आहे. खरी सरासरी दहाच असती, तर ९.६ किंवा त्याहून कमी येण्याची वेळ शंभरात जेमतेम तीनदा आली असती. (लहान नमुन्यांचा हा हिशेब विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला. गडी डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होता!)

मी फक्त ‘कमी’ची बाजू धरली, कारण बी जड निघाली असती तर तुम्ही पत्र लिहिलंच नसतं. दोन्ही बाजू धरल्या तर तेच तीन पाचाच्या किंचित वर जातात आणि ‘हा निव्वळ योगायोग नाही’ म्हणायला नेहमी वापरतात ती ५ टक्क्यांची रेषा हुकते. म्हणून कोणती बाजू धरायची ते बिया तोलण्याआधी ठरवायचं, आकडा बघून नाही.

पण मला खरी शंका गोणीची आहे. वरच्या वर मूठ भरून बिया काढल्यात का? गोणी हिंदकळली की बारीक बी तळाशी जाते, मोठी वर राहते. मग खरी सरासरी ९.६ हूनही कमी असेल. बागभर फिरून वेगवेगळ्या कलमांखालची बी घ्या, हंगामाच्या सुरुवातीची आणि शेवटचीही, सारखी वाळवून तोला.

तरीही कमीच भरली तर लगेच रोपवाटिकेवाल्याशी भांडायला जाऊ नका. खत-पाणी कमी पडलं तरी बी बारीक राहते. जातीचीच शंका असेल तर पानं, बोंड आणि बी घेऊन वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात दाखवा. ही जात त्यांचीच आहे.