पोस्टर झाले, लेख राहिला: एका निवासी डॉक्टरांच्या पत्रास उत्तर

प्रिय डॉक्टर,

एम.डी. मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षात सर्पदंशाच्या 64 रुग्णांवरील पोस्टर तुम्ही राज्यस्तरीय परिषदेत मांडले, त्याला काही महिने उलटले आणि लेख अजून झालेला नाही. एवढ्या थोड्या रुग्णांवर लेख होतो का, थिसिस बाजूला ठेवून त्यात वेळ घालावा का, आणि शुल्क भरल्यास दहा दिवसांत लेख छापण्याची हमी देणाऱ्या ईमेलचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

परिषदांमधील बहुतेक कामांचे असेच होते. वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात परिषदांतील 3 लाखांहून अधिक सारांश तपासले गेले, त्यांपैकी जेमतेम 37 टक्के पूर्ण लेख म्हणून प्रसिद्ध झाल्याचे दिसले. लेख का झाला नाही, असे लेखकांना विचारले असता सर्वाधिक वेळा आलेले कारण ‘वेळ मिळाला नाही’ हे होते. त्यामुळे थिसिस संपल्यावर बघू, असे म्हणू नका. तेव्हा परीक्षा असेल, नंतर बाँडची नोकरी, आणि केस पेपर रेकॉर्ड रूममध्ये कुठे आहेत हे सांगणारे कोणी उरणार नाही.

रुग्णसंख्येची चिंता मला फारशी वाटत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची विंचूदंशावरील चाचणी 2011 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तीत 70 रुग्ण होते. अर्थात ती यादृच्छिक (कोणत्या रुग्णाला कोणता उपचार, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारी) चाचणी होती आणि तिचा प्रश्न नेमका होता: प्राझोसिन या औषधासोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो का? तुमचे काम निरीक्षणात्मक, म्हणजे केवळ नोंदींवर आधारलेले आहे, म्हणून तुमचा दावा लहान हवा, पण प्रश्न तितकाच नेमका हवा.

खरे काम इथेच आहे. ‘लवकर दाखल झालेल्या रुग्णांचे निकाल चांगले’ ही ओळ पोस्टरवर खपून गेली असेल, पण समीक्षक विचारेल की लवकर म्हणजे किती तासांत, आणि हा वेळ दंशापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा की प्रतिविषाची पहिली मात्रा मिळेपर्यंतचा. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी किती जणांची झाली, मूत्रपिंडाची इजा कोणत्या निकषावर ठरवली, अपुऱ्या नोंदींमुळे किती केस पेपर वगळले, दुसरीकडे पाठवलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, हे सारे लेखात यावे लागते. अशा अभ्यासांच्या लेखात काय काय असावे हे सांगणारी ‘स्ट्रोब’ नावाची 22 मुद्द्यांची यादी आहे, लिहायला बसण्यापूर्वीच ती समोर ठेवा. पोस्टरसमोर उभे राहून परीक्षकांनी जे प्रश्न विचारले, ते आठवतील तेवढे आजच उतरवून काढा, कारण चर्चेच्या भागाचा निम्मा मजकूर त्यांतूनच निघतो. नैतिकता समितीच्या परवानगीचे पत्र फाइलला नसेल तर समितीच्या सचिवांना आत्ताच भेटा आणि मागील तारखेचे पत्र कोणी देऊ केले तरी घेऊ नका. सारांश परिषदेच्या स्मरणिकेत छापला गेला म्हणून लेख दुहेरी प्रकाशन ठरत नाही. संपादकांना पाठवायच्या पत्रात तसा स्पष्ट उल्लेख केला म्हणजे झाले.

पोस्टरवर सात नावे होती असे तुम्ही लिहिता. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: कामात भरीव सहभाग, मसुद्याचे लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मसुद्याला संमती, आणि साऱ्या कामाची जबाबदारी. हे चारही पूर्ण व्हावे लागतात. विभागप्रमुखांना ‘तुमचे नाव बसत नाही’ असे सांगायला मी तुम्हाला सांगणार नाही. त्याऐवजी गाईडच्या संमतीने सातही जणांना मसुदा पाठवा, दुरुस्त्यांसाठी दोन आठवडे द्या आणि कोणी काय केले याचा तक्ता सोबत जोडा. ज्यांनी केवळ नोंदी गोळा केल्या त्यांनाही ही संधी द्या. ज्यांच्याकडून काहीच येणार नाही त्यांचे आभार मानावेत, हे मग गाईडनाही सांगता येते. नावांचा क्रम मात्र मसुद्याआधीच ईमेलवर ठरवून घ्या.

दहा दिवसांत छापण्याची हमी देणाऱ्या त्या ईमेलला उत्तर देऊ नका. परिषदा आणि नियतकालिके दोन्ही चालवणाऱ्या हैदराबादच्या ‘ओमिक्स’ला, समीक्षण आणि शुल्क यांबाबत लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल, अमेरिकी न्यायालयाने 2019 मध्ये 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला होता. शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक खोटे नसते, पण दहा दिवसांत समीक्षण करून छापण्याची हमी कोणताही प्रामाणिक संपादक देत नाही. मुंबईच्या केईएममधून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ किंवा तुमच्या विषयाच्या संघटनेचे नियतकालिक आधी पाहा. निवडलेले नियतकालिक मेडलाइन, स्कोपस यांसारख्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या सूचीत आहे का, हे त्या सूचीच्याच संकेतस्थळावर तपासा, कारण पुढे अध्यापनात बढतीच्या वेळी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे हीच गोष्ट पाहिली जाते. खासगी प्रॅक्टिसच करायची ठरली असेल, तर या लेखाचा व्यावसायिक उपयोग थोडाच, हेही सांगून ठेवतो. तुमच्या पत्रात मात्र सहायक प्राध्यापक होण्याची इच्छा आहे, म्हणून येत्या सुट्टीच्या दिवशी तक्ते आणि पद्धतीचा भाग लिहून काढा आणि तेवढाच गाईडपुढे ठेवा. प्रस्तावना शेवटी लिहिली तरी चालते.