बोओपिस : गाईच्या डोळ्यांची हेरा

प्रश्न असा आहे : ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात देवांचा राजा झ्यूस याची बायको हेरा हिला ‘गाईच्या डोळ्यांची’ म्हटलंय. ही स्तुती की टिंगल? आणि मूळ शब्द काय?

मूळ शब्द ‘बोओपिस’, आणि स्तुतीच आहे. मोठे, टपोरे, काळेभोर डोळे. मृगाक्षी, मीनाक्षी रोज ऐकणाऱ्यांना यात खटकण्यासारखं काही नाही. घोळ होतो तो आपल्या ‘गरीब गाय’मुळे. हेरा गरीब तर मुळीच नव्हे. पहिल्याच सर्गात ती नवऱ्याला ‘क्रोनोसच्या भयंकर पुत्रा, हे काय बोललास!’ असं फाडकन सुनावते, आणि त्याच्या आधीची ओळ संपते ‘बोओपिस पोत्निया हेरे’वर. (पोत्निया म्हणजे स्वामिनी, आपल्या ‘पत्नी’ची सख्खी बहीण.)

आता फोड. ‘बोउस’ म्हणजे गाय किंवा बैल, आणि ‘ओप्स’ म्हणजे डोळा किंवा चेहरा. ‘बोउस’ आणि संस्कृत ‘गो’ मुळात एकच. संस्कृत आणि ग्रीक जिच्यातून निघाल्या त्या आदिम भाषेतल्या ‘ग्व’सारख्या ध्वनीचा संस्कृतात ग उरला, ग्रीकमध्ये इथे ब झाला. जड या अर्थाचा ‘गुरु’ तिकडे ‘बारुस’ होतो. बॅरोमीटर त्याच घराण्यातला. ‘क्व’चंही तसंच : संस्कृतातला ‘कतर’ (दोघांपैकी कोणता), त्यांचा ‘पोतेरोस’. त्याच वाटेने ‘अक्षि’ आणि ‘ओप्स’ नातलग ठरतात.

म्हणजे बोओपिसचे तुकडे संस्कृतात मांडले तर हाती येतो चक्क ‘गवाक्ष’! पण समास वेगळा. खिडकीचा गवाक्ष ‘गवाम् अक्षि इव’ (गाईच्या डोळ्यासारखा), म्हणून तत्पुरुष. बोओपिस मात्र ‘गाईसारखे डोळे आहेत जिचे ती’, म्हणजे बहुव्रीही. (युरोपातले भाषाशास्त्रज्ञही हेच नाव वापरतात.) कुणी कुणाकडून उचललेलं नाही, वडिलोपार्जित माल एकच, घरं दोघांनी आपापली बांधली.

‘ओप्स’चा ‘चेहरा’ हा अर्थ धरून जर्मन उत्खननकार हाइनरिश श्लीमानने वेगळीच टूम काढली. 1876 मध्ये मायसिनी या प्राचीन ग्रीक नगरीच्या उत्खननात गाईच्या मातीच्या मूर्ती मिळाल्या, तेव्हा हेरा मुळात गोमुखी देवी असणार, असं तो म्हणू लागला. फार पूर्वी तसं काही असेलही, पण होमरच्या ओळींत हा अर्थ बसत नाही. तिसऱ्या सर्गात हेलनची दासी क्लिमेनी हिलाही हेच विशेषण लावलंय, आणि तिच्या खांद्यावर गाईचं डोकं होतं असं श्लीमानही म्हणाला नसता.