ईएफ 25 वरून 50 झाला, आता हृदयाच्या गोळ्या बंद करता येतील का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मोठ्या भावाला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदयाचा स्नायू सैल पडून कप्पा फुगतो तो आजार) निघाली, अँजिओग्राफी साफ होती, औषधांनी ईएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) 25 वरून 50 झाला आणि आता तो गोळ्या सोडायचं म्हणतोय. त्याला थांबवा. मी हेच केलं होतं.

मी नागपूरचा, कळमन्याला आडतीवर हिशेब बघतो. 41 व्या वर्षी जिना चढताना धाप लागू लागली, रात्री उठून बसावं लागायचं, पाय सुजायचे. ब्लॉकेज एकही नाही. डॉक्टरांनी समजावलं: नळ्या ठीक आहेत, पंपच सैल पडलाय. डावा कप्पा फुगलेला. ठोक्यागणिक आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर पडायला हवं, माझं जेमतेम पाव पडत होतं. विषाणू, दारू, बाळंतपण, घराण्यातून आलेला जनुकीय दोष, कशानेही होतं. घराण्यातून येऊ शकतो म्हणून माझ्या भावाचा आणि मुलीचाही इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला. त्रास नसला तरी तुम्हीही तुमचा करून घ्या.

मला औषधं सुरू झाली: बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन आणि सूज उतरायला लघवीची गोळी. डापाग्लिफ्लोझिन शुगरचं, मला शुगर नाही. दुकानदार चुकला असं वाटून मी परत गेलो होतो. पण ते हृदयालाही देतात. वर्षभरात ईएफ 48 झाला.

मग मे आला. पारा 45 च्या वर, उठलो की डोळ्यांपुढे अंधारी, बीपी 90. मला वाटलं औषधं जास्त होताहेत, आणि न विचारता सगळीच बंद केली. दोन महिने इतकं बरं वाटलं की मला माझं पटलंच. पोळ्यापर्यंत धाप परत आली, इकोत ईएफ 30. खरं तर घामाने पाणी जात होतं आणि वरून लघवीची गोळी; तेवढाच डोस उतरवला असता तर भागलं असतं. आता दरवर्षी मार्चअखेरीला मी डॉक्टरांना विचारून तो ठरवून घेतो.

माझं एकट्याचं नशीब म्हणून सोडू नका. इंग्लंडमधल्या एका चाचणीचा निकाल 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. असेच सुधारलेले, कसलाही त्रास नसलेले रुग्ण घेऊन, देखरेखीखाली, हळूहळू औषधं थांबवली, तरी सहा महिन्यांत 44 टक्के जणांचा आजार परत आला. ईएफ वर आला तो गोळ्या चालू असताना आला, हे भावाला सांगा.

भावाने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. लोणचं, पापड, सावजीचा रस्सा यांचं मीठ धरून हिशेब ठेवायचा.

आणि त्याला शांतपणे विचारा, गोळ्या नको का वाटतात? चक्कर येत असेल, थकवा असेल, महिन्याचा खर्च झेपत नसेल. बायकोला न सांगितलेलं काहीही असू शकतं. ते डॉक्टरांपर्यंत पोचलं तर डोस बदलता येतो, जेनेरिक लिहून घेता येतं.