गोळी चावायची की गिळायची?

प्रश्न असा आहे: 'बाइट द बुलेट', 'ग्रास्प द नेटल' आणि 'अ बिटर पिल टु स्वॉलो' या तिन्ही इंग्रजी वाक्प्रयोगांचं मराठी सरसकट 'कठीण निर्णय घेणे' असं केलेलं दिसतं. या तिघांत काही फरक आहे का? असल्यास तो मराठीत कसा आणायचा?

फरक आहे, आणि चांगलाच मोठा आहे. मुळात तिन्हींमध्ये 'कठीण' असं फारसं काही नाहीच. गणित कठीण असतं, चढ कठीण असतो. तिथे डोकं किंवा दम अपुरा पडतो. इथे काय करायचं ते माहीत असतं, करताही येतं, फक्त मन धजत नाही. अवघड आणि नकोसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'कठीण' हा शब्द वापरला की दुसरी गोष्ट हातातून निसटते.

'बुलेट'ची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते: भूल देण्याची सोय नव्हती तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी जखमी सैनिकाच्या दातांत बंदुकीची गोळी देत. पण फ्रान्सिस ग्रोस यांच्या बोलभाषेच्या कोशाच्या १७९६ च्या आवृत्तीत ही गोळी शस्त्रक्रियेच्या नव्हे, फटक्यांच्या संदर्भात येते. चाबकाच्या शिक्षेत जो सैनिक ओरडे त्याला 'नाइटिंगेल' म्हणत, म्हणजे गाणारा पक्षी. हे नाव चिकटू नये म्हणून काही पलटणींतले शिपाई गोळी चघळत फटके सोसत. किपलिंगच्या १८९१ सालच्या 'द लाइट दॅट फेल्ड' या कादंबरीतही सांगणं हेच आहे, की गोळी दातांत धर आणि तू घाबरलास हे त्यांना कळू देऊ नकोस. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो. वेदना टळणार नाही हे ठरलेलंच आहे. प्रश्न उरतो तो तोंडातून 'हूं' की 'चूं' न काढता तिला सामोरं जाण्याचा.

'नेटल' ही अंगाची आग करणारी वनस्पती. तिच्या अंगावर पोकळ, ठिसूळ टोकाचे बारीक केस असतात. ओझरता स्पर्श झाला तरी टोक मोडतं, केस सुईसारखा कातडीत शिरतो आणि दाह सुरू होतो. मूठ घट्ट आवळली तर केस दबून जातात आणि त्रास कमी होतो, अशी समजूत आहे. एरन हिल या अठराव्या शतकातल्या कवीच्या ओळी हेच सांगतात: हळुवार हात लावाल तर पोळेल, हिमतीने धराल तर रेशमासारखी लागेल. म्हणून या प्रयोगात नुसतं धैर्य नाही. अर्धवटपणा महागात पडतो, हे त्याचं मर्म आहे. काही जण इथे खाजकुयली आणतात. कृपया आणू नका! खाजकुयलीच्या शेंगेवरची लव घट्ट धरल्याने आणखीच टोचेल आणि प्रतिमा उलटी फिरेल.

'पिल' म्हणजे औषधाची गोळी, इथे गिळावी लागणारी कडू गोळी. तिच्यात तर कृतीच नाही. तिथे निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो, निकाल लागून गेलेला असतो. आपल्या वाट्याला येतं ते मान्य करणं. त्यात बहुतेक वेळा मानहानीही असते.

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडे बंदुकीची तीही गोळी आणि औषधाची तीही गोळी. 'कंपनीने अखेर गोळी चावली' असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे औषधच येणार, म्हणजे पहिला प्रयोग तिसऱ्याच्या घरात जाऊन बसणार. 'दातओठ खाऊन' हाही पर्याय चालत नाही, तो रागाचा आहे.

माझं मत असं की इथे प्रतिमा शोधण्याआधी क्रियापद शोधावं. मराठी हा फरक क्रियापदांतून फार सुंदर दाखवते. 'बाइट द बुलेट'ला 'टाकणे' हवं: 'मन घट्ट केलं आणि एकदाचं सांगून टाकलं.' त्या 'एकदाचं'मध्ये आधीची सगळी टाळाटाळ आणि नंतरची सुटका दोन्ही आहेत. 'ग्रास्प द नेटल'ला 'हात घालणे': 'इतकी वर्षं सगळे ज्याला बगल देत होते, त्या प्रश्नालाच तिने थेट हात घातला.' आणि 'बिटर पिल'ला 'लागणे': 'धाकट्याच्या हाताखाली काम करण्याचा कडू घोट त्याला गिळावा लागला.' 'घोट' म्हटल्यावर गोळीचा घोळही मिटतो.

याच कुळातला 'चोअर' हा शब्द, म्हणजे करावंच लागणारं रटाळ काम. त्यात ना कठीण काही, ना वेदना, फक्त कंटाळा. त्याला आपलं 'जिवावर येणे' नेमकं बसतं: 'पत्रांना उत्तरं लिहायची जिवावर आलंय.'

आणि 'ऑर्डील'साठी 'भयंकर अनुभव' असं लिहिलेलं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ न्यायनिवाडा. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'उर्टाइल' आजही निकाल याच अर्थाने वापरतात. तापलेलं लोखंड हातात धरायला लावून किंवा पाण्यात सोडून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवत. १२१५ च्या लॅटरन या ख्रिस्ती धर्मपरिषदेने पाद्र्यांना त्यात भाग घ्यायला मनाई केली आणि ही पद्धत मागे पडत गेली. शब्द मात्र कठोर कसोटी या अर्थाने राहिला. मराठीतला 'दिव्य' हा शब्द अगदी याच वाटेने आला आहे. अग्नी, जल, विष अशा परीक्षांनी खरंखोटं ठरवणं म्हणजे दिव्य, आणि मग जिवाचा कस लावणारं काहीही. एकच काळजी घ्यावी: विशेषण म्हणून 'दिव्य'चा अर्थ अलौकिक होतो. त्यामुळे 'दिव्य अनुभव' न लिहिता 'तो खटला म्हणजे तिच्यासाठी एक दिव्यच होतं' असं लिहावं.