संग्रहालयात पहिल्यांदाच लोकांना फिरवून माहिती सांगायची आहे. सगळं पाठ केलंय, पण बोलताना घसा कोरडा पडतो. काय करू?

आधी पाठांतर सोडा. स्वागताची दोन वाक्यं तेवढी पाठ असू द्या. बाकीचं भाषण कुणी मध्येच प्रश्न विचारला की कोलमडतं, आणि घसा नेमका तेव्हाच सुकतो. मी गटांना फिरवते तेव्हा एकच पथ्य पाळते: लोकांना उभ्या जागेवरून जे दिसतंय, तिथूनच सुरुवात करायची.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' (रात्रीचा पहारा) हे चित्र घ्या. 'हे चित्र 1642 सालचं' असं म्हणालात की निम्मे लोक मोबाइल काढतात. त्यापेक्षा विचारा, 'यातली वेळ कुठली असेल?' नावामुळे बरेच जण रात्र म्हणतील. मग चित्रात सगळ्यांत पुढे असलेल्या कॅप्टनचा हात दाखवा. त्याची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडलीय. 'अरे, हे तर ऊन!' हे त्यांनाच म्हणू द्या. वार्निश काळवंडल्यामुळे चित्र रात्रीचं वाटायला लागलं आणि हे नाव मागाहून चिकटलं, हे त्यानंतर सांगा. 1715 मध्ये नव्या जागेत मावेना म्हणून चित्र चारही बाजूंनी कापलं होतं, हे कळलं की नजरा आपोआप कडांकडे जातात. आता सालं सांगितलीत तरी कुणी कंटाळत नाही.

प्रश्न टाकल्यावर मात्र गप्प राहा. पाच-सात सेकंदांची शांतता तुम्हाला खायला उठते, पण समोरचे तेवढ्या वेळात खरोखर बघत असतात.

चित्राच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून उभे राहा. शेवटचा माणूस पोचेपर्यंत बोलायचं नाही, चालताना तर नाहीच. कुणी हळू आवाजात काही विचारलं तर तो प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा म्हणा (तेवढ्यात उत्तर जुळवायलाही वेळ मिळतो!). उत्तर येत नसेल तर तसं सांगून मोकळे व्हा.

आणि सगळं दाखवायचा मोह नको. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच 'म्युझियम फटीग'वर, म्हणजे संग्रहालय बघताना येणाऱ्या थकव्यावर, लिहिलं होतं, सोबत काचपेट्यांपुढे वाकून, ओणवं होऊन बघणाऱ्या माणसाचे फोटो. तासाभरात सात-आठ वस्तू पुष्कळ झाल्या.

आदल्या दिवशी त्याच वेळेला दालनात जाऊन एकदा मोठ्याने बोलून बघा. आवाज कुठे घुमतो आणि काचेवर कुठे उजेड चमकतो, ते तेव्हाच कळेल.