वाड्याच्या सागवानातून अकूस्टिक गिटार करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: मल्हारगंजातला आजोबांचा वाडा पाडला, सागवानी तुळया आणि एक शिसवी कपाट उरलं आहे, त्यातून हातानं घडवलेली गिटार करून घ्यायची आहे. लाकूड चालेल का, आणि कारागिराला काय सांगायचं? मी इंदूरातच गिटारी दुरुस्त करतो, अधूनमधून नवीही घडवतो, म्हणून लिहितोय.

चालेल, पण वरची पाटी सोडून. जिला भोक असतं आणि जिच्यावर ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी चिकटते, ती पाटी गिटारीचा आवाज ठरवते. पाठ आणि बाजू त्यात थोडा रंग भरतात, एवढंच. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसनं 1862 मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या होत्या, वरची पाटी मात्र स्प्रूस या हलक्या सूचिपर्णी लाकडाची. तरी लोक शिसवी चांगली की महोगनी यावर रात्र रात्र भांडतात. भांडू द्या.

सागवान वर का नको? रेषेच्या दिशेनं सागवान आणि स्प्रूस साधारण सारखेच ताठ, पण सागवान जवळपास दीडपट जड. तारेच्या एवढ्याशा धक्क्यानं हलायचं काम त्या पाटीचं. जड पाटीत तो धक्का जिरून जातो. बरं, पातळ करून वजन उतरवावं तर साध्या लाइट गेजच्या, म्हणजे बारीक जाडीच्या सहा तारांचा ताणही मिळून 70 किलोच्या वर जातो, आणि ब्रिजमागे पोट सुटतं. तेव्हा सिट्का स्प्रूस किंवा वेस्टर्न रेड सीडरची जोडपाटी, म्हणजे शेजारी-शेजारी चिकटवायच्या दोन फळ्या, विकत घ्या. टोकाकडून पाहिल्यावर वर्षवलयं उभी दिसली पाहिजेत.

आता तुमच्या तुळया. आरा मशीनवर नेण्याआधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. जुन्या तुळईत पोटात गेलेले खिळे असतातच, आणि एकदा पातं गेलं की मशीनवाला पुन्हा तुम्हाला दारात उभं करणार नाही. वाळवीची पोकळी असलेला भाग आधीच कापून टाका. पाठीच्या प्रत्येक अर्ध्याला साधारण 8 इंच रुंदी लागते, ती तुळईतून बहुधा निघणार नाही. काही बिघडत नाही, पाठ तीन किंवा चार तुकड्यांची जोडा. मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीनं 1965 मध्ये डी-35 ही गिटार काढली तीच तीन तुकड्यांच्या पाठीची, कारण रुंद शिसवी मिळेनाशी झाली होती. बाजूंना 5 इंच रुंद आणि 33 इंच लांब पट्ट्या हव्यात, त्या सहज निघतील. त्यांची एक जोडी जास्तच काढा. इतकं जुनं लाकूड तापलेल्या पाइपवर वाकवताना कमरेच्या वळणाशी कधी तडकेल सांगता येत नाही, 2 मिमीपर्यंत उतरवलं तरी.

सागवानाला रंधा लावला की जुन्या चामड्यासारखा वास येतो, हाताला तेलकट लागतं. हे तेलच जोडाचं वैरी. चिकटवायच्या तोंडावर त्याच दिवशी पुन्हा रंधा मारायचा, अॅसिटोननं पुसायचं आणि लगेच जोड दाबायचा. सकाळी तयार करून संध्याकाळी चिकटवू म्हणाल तर तेल परत वर येतं. धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका, कित्येकांना त्यानं अंगावर पुरळ येतं.

कपाटाची शिसवी मला जास्त मोलाची वाटते. तिच्या उभ्या चौकटीतून फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची पट्टी) आणि ब्रिज काढा. तिथे घट्ट, झिजायला चिवट लाकूड लागतं. चुकूनही ती पाठीत संपवू नका.

पण इंदूरात गिटार बिघडते ती लाकडाच्या जातीमुळे कमी, हवेमुळे जास्त. गिटारीला 45 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ती 20 टक्क्यांच्या आसपास येते आणि श्रावणात 80 च्या वर जाते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं-आकसतं. वरच्या पाटीखालच्या पट्ट्या तिच्या रेषांना आडव्या-तिरप्या चिकटलेल्या असतात. पावसाळ्यात फुगलेल्या पाटीवर त्या चिकटवल्या, तर वैशाखात पाटी आकसू पाहते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, आणि ब्रिजपासून खालपर्यंत चीर जाते. म्हणून पट्ट्यांचं काम दिवाळीनंतर, आणि खोलीत आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर टांगलेला हवा. कारागिराकडे तो नसेल तर माझा कल दुसरा कारागीर बघण्याकडे राहील. घरीही कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नाही, तिथे गोंद मऊ होऊन ब्रिज उचलतो.

मिरजेच्या सतारवाल्यांकडून करून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. त्यांचा हात आणि कान याबद्दल वादच नाही. पण सतारीचे पडदे बांधलेले असतात, सूर चुकला तर सरकवता येतात. गिटारीचे फ्रेट, म्हणजे तिचे धातूचे पडदे, एकदा ठोकले की ठोकले. तार मानेच्या टोकाला नट नावाच्या खाचांच्या पट्टीवर टेकते आणि ब्रिजवर सॅडल नावाच्या पट्टीवर; या दोहोंमधली स्केलची लांबी 645 मिमी धरली तर तिला 17.817 नं भागून पहिला फ्रेट नटपासून 36.2 मिमीवर येतो, उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भाग, आणि बारावा बरोबर मध्यावर. शिवाय सतारीला जवारी हवी, तार घोडीवर घासून झंकारली पाहिजे. गिटारीच्या सॅडलवरून तार एका कडेवरून स्वच्छ सुटली पाहिजे, नाहीतर तोच झंकार दोष ठरतो. गिटार केलेली नसेल तर त्यांच्यावर हा प्रयोग लादू नका.

कारागिराला लाकडाआधी तुमचं वाजवणं सांगा. बोटांनी वाजवत असाल तर ड्रेडनॉट या रुंद घाटाच्या गिटारीचा मोठा डबा कशाला? लहान अंग, नटची रुंदी 44 मिमीच्या आसपास, हात लहान असेल तर 632 मिमीचं स्केल. त्यानं आधी केलेली एखादी गिटार मागून घ्या, भोकातून आरसा आणि टॉर्च घालून आत बघा. पट्ट्यांची टोकं निमुळती तासलेली आहेत का, गोंदाचे ओघळ आहेत का, तेवढ्यात पुष्कळ कळतं. पॉलिश लाखेचं, पातळ मागा. आणि लाकूड घरचं आहे म्हणून स्वस्तात होईल अशा भ्रमात राहू नका, पैसा मजुरीत जातो.

तुळया आत्ताच चिरून घ्या. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून, वर वजन ठेवून, उन्हापासून लांब रचून ठेवा. चिरल्यावर जुनं लाकूडही थोडं वळतं. जी फळी वळायची ती दिवाळीपर्यंत वळून घेईल.