भाऊ फायरमन होतोय; सहा महिन्यांचं प्रशिक्षण त्याला पुरेल का?

ताई, तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात रुजू होतोय, सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स त्याने नुकताच पुरा केलाय, आणि एवढ्या शिदोरीवर तो आगीत शिरला तर सुखरूप परत येईल का, हे घरात कुणी नीट सांगत नाही. मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलातून स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं नव्या पोरांना शिकवण्यात गेली. म्हणून सरळ सांगतो. सहा महिन्यांत त्याला काम येतं. आतून वेळेवर बाहेर पडायची सवय मात्र स्टेशनवरच्या रोजच्या सरावानेच लागते, आणि तो सराव त्याच्या स्टेशनवर होतो की नाही, यावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर ठरतं.

कोर्सला मी नावं ठेवत नाही. सांताक्रूझला कलिन्यात राज्याची अग्निशमन अकादमी आहे. अधिकाऱ्यांसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ साली रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. होज (पाण्याचा पाइप) अंथरणं, शिडी लावणं, पंप चालवणं, दोराच्या गाठी, प्रथमोपचार, पाण्याच्या दाबाचं गणित, हे सगळं पोरं घाम गाळून शिकतात. पण ड्रिलच्या मैदानावर सगळं दिसत असतं. वर्दीवर, म्हणजे खऱ्या बोलावण्यावर, गेल्यावर धुरात स्वतःचा हात दिसत नाही, आणि नवा माणूस गडबडतो तो तिथेच.

सगळ्यात आधी हवेचा हिशेब. त्याच्या पाठीवर जो बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचा संच, असेल, त्याचा सिलिंडर बहुधा ६.८ लिटरचा आणि ३०० बार (बार हे दाबाचं माप) दाबाने भरलेला असेल. (त्यात ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते. हा गैरसमज फार पक्का बसलाय.) गुणाकार केला की साधारण २,००० लिटर हवा होते. मिनिटाला ४० लिटर धरली तर पन्नास मिनिटं पुरते, पण कागदावर. अंगात जड सूट, हातात पाण्याने भरलेली होज, जिन्याचे तीन-चार मजले आणि वरून भीती, अशा वेळी माणूस मिनिटाला ६० काय, ८० लिटरही ओढतो. पन्नासाची पंचवीस मिनिटं होतात. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की सेटची शिट्टी वाजते. तेव्हा सिलिंडरमध्ये ३७० लिटरच्या आसपास हवा उरलेली असते, म्हणजे धापा टाकणाऱ्या माणसाला जेमतेम साडेचार-पाच मिनिटं.

नव्या पोरांना वाटतं, शिट्टी वाजली की निघायचं. मी त्यांना सांगत असे, शिट्टी वाजेल तेव्हा तू दाराबाहेर असला पाहिजेस. समजा तो ३०० बारवर आत गेला आणि कामाच्या जागी पोचेपर्यंत काटा २३० वर आला. जाताना ७० लागले. परतीला निदान तेवढेच लागणार, शिवाय ५५ राखीव. म्हणजे उशिरात उशिरा १२५ वर मागे फिरायचं, काम अर्धवट असलं तरी. जोडीत ज्याची हवा कमी, त्याच्या काट्यावर दोघांनीही फिरायचं. एकट्याने आत जायचं नाही आणि जोडीदाराला सोडून यायचं नाही. वाट चुकली तर होज हाताशी धरून यायचं. आपल्याकडच्या होजच्या जोडावर ओढायचे कान ज्या अर्ध्या भागाला असतात, तो भाग पंपाकडचा असतो. अंधारात, हातमोजे घालून, बोटांनी हे ओळखता आलं पाहिजे. डोळ्यांवर पट्टी बांधून पुन्हा पुन्हा केल्याशिवाय ते येत नाही.

आता बाहेरची बाजू. प्रत्येक सेटला एक टॅली, म्हणजे नोंदीची छोटी पट्टी, असते. आत जाणाऱ्याचं नाव, किती दाबाने गेला आणि किती वाजता गेला, हे त्यावर लिहून ती दाराशी बोर्डावर लावायची, आणि बोर्डापाशी एक माणूस उभा करायचा ज्याला दुसरं कोणतंही काम नाही. छोट्या गावात इथेच घोडं अडतं. गाडीवर माणसं मोजकी, त्यात ड्रायव्हरच पंप बघतो आणि बाकीचे होज घेऊन आत. माझं मत स्पष्ट आहे. बोर्डापाशी उभं राहायला माणूस नसेल तर आत जायचं नाही, बाहेरून पाणी मारायचं आणि शेजारच्या गावाची गाडी मागवायची. अडकलेला जिवंत माणूस समोर दिसत असेल तर गोष्ट वेगळी, पण तो निर्णय जागेवरच्या प्रमुखाने घ्यायचा, नव्या पोराने नाही.

यावर काही जण म्हणतात, फार घाबरवता तुम्ही. त्यांना मी अमेरिकेतल्या वुस्टर शहराची गोष्ट सांगतो. ३ डिसेंबर १९९९ ला तिथल्या एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजला आग लागली. जाडजूड भिंती, खिडक्या जवळपास नाहीतच. आत बेघर माणसं आहेत असं कळल्यावर दोन जवान शोधायला गेले, धुरात वाट चुकली आणि हवा संपली. त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघेही परतले नाहीत. ज्यांच्यासाठी हे सगळं झालं ते आधीच इमारतीतून निघून गेले होते. जागेवरच्या प्रमुखाने दारात उभं राहून पुढच्या जवानांना अडवलं, आता कुणी आत जायचं नाही म्हणून. आपली माणसं आत असताना तो हुकूम देणं किती जड गेलं असेल, हे त्या खुर्चीत बसलेल्यालाच कळेल. पण त्या हुकमाने किती घरं वाचली असतील!

पुढे २००१ मध्ये फिनिक्स शहरात एका सुपरमार्केटच्या आगीत एक जवान गेला. त्यानंतर तिथल्या दलाने मोठ्या इमारतींत शेकडो सराव करून पाहिले. एका अडकलेल्या जवानाला बाहेर काढायला सरासरी बारा जवान आणि सुमारे २१ मिनिटं लागली, आणि वाचवायला गेलेल्या पाचांतला एक स्वतःच संकटात सापडला. या २१ मिनिटांशेजारी वरचा हवेचा हिशेब ठेवून बघा.

दुसरा धोका धुराचाच, पण वेगळा. छताखाली साठलेला काळा धूर म्हणजे जळायला टपलेला वायू. तो ५००-६०० अंशांवर गेला की खोलीतलं सगळं सामान एकदम पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. जवानाचा सूट चांगला असतो, पण अमेरिकी मानकाप्रमाणे तो अशा प्रखर आचेत दुसऱ्या दर्जाचं भाजणं साडेसतरा सेकंद थोपवू शकला तरी पास होतो. एवढ्या वेळात दार गाठता आलं पाहिजे. धूर झपाट्याने खाली उतरू लागला, धुरात ज्वाळांच्या जिभा फिरताना दिसल्या, गुडघ्यावर असतानाही आच सोसवेना, की समजावं बाहेर पडायची वेळ आली. आणि पाणी बेताने मारायचं. एका लिटरची १,७०० लिटर वाफ होते. घाबरून भसाभसा मारलं तर तीच वाफ जवानाला भाजते. वरच्या धुरावर थोडं थोडं शिंपडून तो थंड करत पुढे सरकणं हे कसब आहे, आणि खऱ्या आगीवर सराव केल्याशिवाय ते हातात बसत नाही.

इमारतीबद्दल लिहिताना काळबादेवी डोळ्यांसमोर येतेच. ९ मे २०१५ ला गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि आग विझवणं चालू असताना कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले: संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्यात, सुधीर अमीन आणि खुद्द मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर पुढे रुग्णालयात. दलातले अनुभवी, जाणते लोक होते ते. पेटलेली इमारत कुणाचा हुद्दा बघत नाही. जुन्या बांधकामात लाकडी खांब-तुळया भिंतींच्या आत दडलेल्या असतात, त्या किती जळल्यात ते बाहेरून कळत नाही. उघडं लोखंड ५५०-६०० अंशांना निम्मी ताकद गमावतं. वरून आपणच ओतलेलं पाणी निराळं. एक होज मिनिटाला ४५० लिटर टाकत असेल आणि पाणी वाहून जात नसेल, तर दर मिनिटाला साडेचारशे किलो वजन त्या मजल्यावर चढतं. भिंत फुगली, तडे रुंदावले, आतून करकर आवाज आला, की सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि उंचीच्या दीडपट अंतरावर उभं राहायचं.

नगरपरिषदेत असल्यामुळे त्याला कडब्याची गंज, उसाचा फड, गोदाम, जिनिंगचा कापूस अशा वर्द्या जास्त येतील. पण मला त्याची जास्त काळजी वाटते ती विहिरीची आणि मैल्याच्या टाकीची. आग नाही, धूर नाही, आणि वरून बायामाणसं रडत असतात, "लवकर उतर रे बाबा". जुन्या विहिरीत किंवा आत डिझेल पंप चालवलेल्या विहिरीत हवा विषारी झालेली असू शकते. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो, वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं. एकामागून एक उतरलेली माणसं आत दगावल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. बीए सेट, कमरेला दोर आणि वर दोर धरणारी माणसं, यातलं एक जरी कमी असेल तर त्याने उतरू नये, गाव कितीही ओरडलं तरी. हे त्याला घरच्यांनीही सांगून ठेवा, कारण त्या क्षणी गावाचा दबाव फार असतो.

आग विझल्यावरची गोष्ट तुमच्या हातात थोडी आहे. कूलिंग (विझलेली जागा पाण्याने गार करणं) चालू झालं की जवान मास्क काढून टाकतात, कारण ज्वाळा दिसत नाहीत. कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू तेव्हाही त्या राखेतून निघतच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाच्या कामाला कर्करोग देणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून काजळलेला सूट घरी आणू देऊ नका, घरच्या कपड्यांत तर मुळीच धुऊ नका, स्टेशनवरच धुवायला सांगा. वर्दीवरून आला की आधी अंघोळ. आणि वर्षातून एकदा हृदयाची तपासणी करून घ्या. अमेरिकेत कामावर असताना मरण पावणाऱ्या जवानांत हृदयविकाराने जाणारे सर्वात जास्त आहेत.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला स्टेशनवर इतकं विचारायला सांगा: पाळी बदलताना प्रत्येक सेटचा दाब आणि शिट्टी तपासून नोंद होते का, मास्क त्याच्या चेहऱ्याला घट्ट बसतो का ते पाहिलं जातं का (दाढी असेल तर बसत नाही, ती काढावी लागेल), सूट-बूट त्याच्या मापाचे आहेत का, आणि आठवड्यात ड्रिल किती वेळा. उत्तरं समाधानकारक नसली तर भांडायचं नाही, तो नवा आहे. स्टेशन प्रमुखांना विनंती करावी की सकाळी हजेरीनंतर पंधरा मिनिटं सेट घालून सराव करू द्या. अशा विनंतीला नाही म्हणणारा अधिकारी मी क्वचितच पाहिलाय. बरोबरचे एक-दोघं तयार झाले की डोळ्यांवर पट्टी बांधून होज धरत बाहेर यायचा सराव स्टेशनच्या आवारातही होतो, त्याला खर्च काहीच नाही. त्याला काही विचारायचं असेल तर खाली लिहायला सांगा, मी उत्तर देईन.